चालत्या नगराचे पाणी

वैशाखातल्या संध्याकाळी व्याख्यानास जमलेल्या मंडळींची नजर अधूनमधून वक्त्याच्या टेबलावरील तांब्या-भांड्याकडे वळते, हे आम्हांला अनुभवाने ठाऊक आहे. विषय कितीही गहन असो, तहान ही विषयाहून जुनी गोष्ट आहे. तेव्हा आज त्या तांब्याकडेच वळावे असे आम्ही ठरविले आहे. मात्र हा तांब्या घरातल्या माठाशेजारचा नव्हे. घरच पाठीवर घेऊन चालणाऱ्या माणसांचा आहे.

हल्ली मोटारीलाच घर करून तीत महिनेन्‌महिने राहणारी माणसे देशोदेशी दिसू लागली आहेत. अंथरूण, चूल, दिवा, सारे त्या चार चाकांवर. अशा गृहस्थांस विचारावे की, बाबांनो, तुम्हांला अडते कशाचे? ते दोनच गोष्टी सांगतील. पिण्याचे पाणी किती न्यावे व कोठे भरावे, ही एक; आणि दूध, भाजी, शिजलेले अन्न उन्हात नासू नये म्हणून ते थंड कसे ठेवावे, ही दुसरी. गाडी नवी असली तरी प्रश्न नवे नाहीत. आपल्या देशात एके काळी एक अख्खे नगर उंट, हत्ती आणि बैलगाड्या यांवर लादून चालत असे, आणि त्या नगरालाही हेच दोन प्रश्न पडले होते. ते नगर म्हणजे मोगल बादशहाची छावणी.

या छावणीचा हिशेब अबुल फजलाने 'आईन-इ-अकबरी'त लिहून ठेवला आहे, हे आपले भाग्य. एका मुक्कामाचे तंबू व सामान हलवावयाचे तर शंभर हत्ती, पाचशे उंट, चारशे गाड्या आणि शंभर हमाल लागत. तंबू उभारणारे फर्राश एक हजार, वाट साफ करणारे पाचशे बेलदार, झाडूवाले दीडशे, आणि पाणी वाहणारे भिस्ती शंभर. तंबूंचे दोन संच असत. बादशहा एका मुक्कामी निजलेला असताना दुसरा संच पुढच्या मुक्कामी उभा राहत असे. यालाच पेशखाना म्हणत. म्हणजे बादशहा चालत होता हे खरे, पण त्याचे घर त्याच्या आधीच पोहोचलेले असे.

या घरातील एक स्वतंत्र खाते म्हणजे आबदारखाना. अकबर घरी असो की स्वारीत, पाणी पीत असे ते गंगेचे. नदीच्या काठी विश्वासू माणसे नेमलेली असत. ती घागरी भरून, तोंडावर मोहोर करून पाठवीत. दरबार आग्र्यास किंवा फत्तेपुरास असला की सोरोंहून पाणी येई, आणि पंजाबात असला की हरद्वाराहून. स्वयंपाकास पावसाचे, यमुनेचे वा चिनाबचे पाणी चाले, पण त्यातही थोडे गंगाजल मिसळावयाचे. स्वारीशिकारीत पाणी चाखून पाहणारे जाणते लोक वेगळे असत. मोहोरबंद घागरीत श्रद्धा किती आणि विषाची धास्ती किती, याचा निवाडा करण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. दोन्ही असावीत. बादशहाचे पाणी हे राजकारणच असते.

पाणी मिळाले; आता ते थंड करावयाचे. येथे अबुल फजल एक गोष्ट सांगतो ती रसिकतेने वाचण्याजोगी आहे. तोफेच्या दारूत जो सोरा पेट घेऊन हाहाकार उडवितो, त्याच सोऱ्याचा उपयोग पाणी गार करण्याकडे बादशहांनी केला, असे तो मोठ्या अभिमानाने नमूद करतो. कृतीही देतो. कथलाच्या किंवा चांदीच्या सुरईत एक शेर पाणी घालून तिचे तोंड बंद करावे. दुसऱ्या भांड्यात अडीच शेर सोरा व पाच शेर पाणी घालावे आणि त्यात ती सुरई पाव तास ढवळत राहावी, की आतले पाणी गार होते. अकबरी शेर म्हणजे आजचे सहाशे ग्रॅमहून थोडे अधिक. यात चमत्कार काही नाही. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो, आणि ती उष्णता भोवतालच्या पाण्यातून व सुरईतून ओढली जाते. पाण्याचे तपमान दहाएक अंशांनी सहज उतरते. जेठातल्या आग्र्यात एवढा उतार म्हणजे स्वर्गसुख. शिवाय पाणी आटविले की सोरा पुन्हा हाती येतो. तेवढे सरपण मात्र जळते, आणि थंडाव्यासाठी जाळ करावा लागतो. हा विरोध ध्यानात ठेवावा. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

सन १५८५ मध्ये दरबार पंजाबात गेला आणि आबदारखान्यात बर्फ आला. लाहोरपासून सुमारे पंचेचाळीस कोसांवरच्या पन्हान नावाच्या डोंगरी मुलुखातून तो आणीत. काही नदीतून, काही घोडागाड्यांनी, काही हमालांच्या पाठीवरून. दहा होड्या या कामी होत्या; त्यांपैकी रोज एक लाहोरास लागे, आणि प्रत्येकीवर चार नावाडी असत. खुष्कीच्या वाटेवर चौदा टप्पे होते व दर टप्प्यास घोडे बदलत. सर्वांत अधिक नफा होडीच्या बर्फात, त्याखालोखाल गाडीच्या, आणि सर्वांत कमी हमालाच्या पाठीवरच्या. असे का, हे अबुल फजल सांगत नाही, पण उघड आहे. बर्फ बाहेरून वितळतो. रास जितकी मोठी तितका तिचा बाहेरचा भाग प्रमाणाने लहान, आणि नदीवरची वाट थंडही असते. बिचाऱ्या हमालाचा बर्फ त्याच्याच पाठीवर घाम होऊन जाई.

आता दर पाहू. बर्फ रुपयास दोन ते तीन शेर. सोरा स्वस्त, रुपयास पाऊण मण ते चार मण. उन्हाळ्यात सर्व थरांतले लोक बर्फ वापरतात आणि अमीर-उमराव बारा महिने वापरतात, असे अबुल फजल लिहितो. हे 'सर्व थरांतले' त्याच्याच आकड्यांशी ताडून पाहण्याचा मोह आम्हांला आवरला नाही. रुपयाचे चाळीस दाम. म्हणजे शेरभर बर्फास तेरा ते वीस दाम पडले. त्याच ग्रंथात बांधकामावरच्या मजुरांचे दर आहेत. त्यात भिस्त्याची रोजची मजुरी आहे तीन दाम, आणि दुसऱ्या प्रतीच्या भिस्त्याची दोन. दुसऱ्या प्रतीच्या भिस्त्याने काहीही न खातापिता सात ते दहा दिवस पखाल वाहिली, तर त्याच्या पदरात शेरभर बर्फ पडता. दरबारी इतिहासकाराचे 'सर्व लोक' पुष्कळदा असेच असतात.

भिस्त्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. सन १५३९ मध्ये चौसा येथे शेरखानाने हुमायूनचा मोड केला, आणि बादशहा घोड्यासह गंगेत पडला. त्याला तारले एका भिस्त्याने. कातड्याची पखाल फुगविली की ती भोपळ्यासारखी तरते. हुमायूनने त्याला वचन दिले व आग्र्यास आल्यावर ते पाळलेही. त्या भिस्त्याला त्याने तख्तावर बसविले. हुमायूनची बहीण गुलबदन बेगम हिने हे लिहून ठेवले आहे. हा कारभार दोन दिवसांपर्यंत चालला आणि भाऊ कामरान त्यावर फार रुष्ट झाला, असे ती सांगते. पण बादशहाचा जीव वाचविणाऱ्या या माणसाचे नाव तिला नीट आठवत नाही. कोणी निजाम म्हणत, कोणी संबल. तख्तावर बसूनही भिस्त्याचे नाव पक्के झाले नाही ते नाहीच.

शंभर वर्षांनंतर हीच छावणी आतून पाहणारा एक साक्षीदार आपल्याला लाभतो, तो फ्रेंच वैद्य बर्निये. सन १६६४ च्या डिसेंबरात औरंगजेब दिल्लीहून काश्मीरकडे निघाला, तेव्हा बर्निये आपला धनी दानिशमंदखान याच्याबरोबर त्या लवाजम्यात होता. धन्याने त्याला रोज सकाळी घरच्या भट्टीतली एक ताजी रोटी व एक सुरई गंगाजल देण्याचे कबूल केले होते. दरबारातील इतर मंडळींप्रमाणे खानानेही गंगाजलाचे कित्येक उंट लादून घेतले होते. ही सुरई कथलाची, तिला तांबड्या कापडाची खोळ. स्वाराच्या पुढे पायी चालणारा नोकर ती हातात धरून नेई. दिल्लीस घरी असताना सोरा वापरीत. वाटेत मात्र ती खोळ ओली ठेवून सुरई हलवीत राहावयाची, किंवा तंबूत तीन पायांच्या घडवंचीवर वाऱ्याला ठेवावयाची, जमिनीला टेकू द्यावयाची नाही. सोरा नको, जाळ नको, रुपया नको. ओल्या फडक्यातले पाणी वाऱ्याने उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. आमच्या लहानपणी मोटारीच्या पुढच्या अंगाला कॅनव्हासची छागळ टांगलेली असे, ती याच सुरईची गरीब नात. गाडी जितकी धावे तितके पाणी गार होई. उभी राहिली की छागळही रुसे.

आता महाराष्ट्राकडे वळू, कारण औरंगजेबही वळला. सन १६८१ मध्ये तो दक्षिणेकडे निघाला तो परत गेलाच नाही. १६९५ मध्ये कृष्णाकाठी गलगले येथे त्याची छावणी इटालियन प्रवासी जेमेल्ली करेरी याने पाहिली. तिचा घेर तीस मैलांचा असल्याचे सांगून त्याने तिला चालते नगरच म्हटले आहे. एवढ्या नगरास नदीकाठ सोडता येत नाही, आणि नदी आपल्या मर्जीची असते. १७०० च्या ऑक्टोबरात माण नदीच्या काठी खवासपूरच्या मुक्कामी रात्री अचानक लोंढा आला. छावणी बुडू लागली, आणि पळापळीत म्हाताऱ्या बादशहाचा उजवा गुडघा निखळला. तो पाय पुढे कधी धड झाला नाही.

याच्या उलट पद्धत आमच्या लोकांची. मोगलांनी पाणी बरोबर नेले. मराठ्यांनी ते डोंगरावर ठेवून दिले आणि घोडा मोकळा केला. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या 'आज्ञापत्रा'त गडाचा विचार करताना पाणी आधी पाहिले आहे. पाणी नसेल आणि जागा तर सोडवत नसेल, तर खडक फोडून टाकी खोदावी. झरा आहे म्हणून तेवढ्यावर निर्धास्त राहू नये. लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात, म्हणून साठवणीची टाकी वेगळी राखावी. तोफेच्या आवाजाने झरा आटतो की नाही हे भूगर्भशास्त्र्यांनी सांगावे. पण एका पाण्यावर विसंबू नये, हा त्यातला हिशेब चोख आहे.

साठ्याची गाठ नुसत्या तहानेशी नसते, हे चिपळुणाजवळच्या छावणीला शिवाजीमहाराजांनी जे पत्र लिहविले त्यावरून कळते. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा-वैरण आताच मनास येईल तसा उधळाल तर पुढे मिळावयाचे नाही, घोडी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरांत शिराल, आणि मोगल परवडला असे लोक म्हणतील, असा त्या पत्राचा रोख आहे. पेटत्या दिव्याची वात उंदीर ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, येथवर त्यात काळजी केली आहे. चालत्या घराचा साठा संपला की त्याची झळ पहिल्याने वाटेवरच्या गावाला लागते, हे दरबारी ग्रंथात सापडत नाही. ते या पत्रात आहे.

हे शहाणपण पुढे टिकले असते तर बरे होते. सन १७६० मध्ये उत्तरेस गेलेली आमची फौज बायकामुले, यात्रेकरू, बुणगे यांच्यासह निघाली. तीही एक चालते नगरच झाली होती. अब्दालीने ऑक्टोबरात बागपताजवळ यमुना ओलांडून दिल्लीची वाट रोखली. रसद तुटली आणि ते नगर पानिपतावर उभे राहिले. १४ जानेवारी १७६१ रोजी ते बाहेर पडले ते उपासमारीने. त्या दिवसाविषयी या व्यासपीठावरून इतके बोलले गेले आहे की आम्ही येथे अधिक भर घालीत नाही.

पुढचा काळ यंत्रांचा. १८३३ मध्ये बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरचे 'टस्कनी' जहाज तळ्यातला बर्फ घेऊन कलकत्त्यास आले. निघताना १८० टन होता, पोहोचताना शंभराच्या आसपास उरला. होडीचा बर्फ नफ्याचा हा लाहोरचा हिशेब सातासमुद्रांवरही खरा ठरला. पुढच्या वर्षी मुंबईनेही तो बर्फ चाखला. पुढे १९२२ मध्ये स्वीडनमधल्या फॉन प्लाटेन व मुन्टर्स या दोघा तरुणांनी ज्योतीच्या उष्णतेवर चालणारे, एकही हलता भाग नसलेले शीतकपाट तयार केले. गॅसची लहानशी ज्योत खाली जळते आणि वर दूध गार राहते. मोटारघरांतून अशी कपाटे आजही दिसतात, जरी नव्या गाड्यांत बॅटरीवरची कपाटे त्यांची जागा घेत आहेत. सोरा आटविण्यासाठी जाळलेले सरपण आणि ही ज्योत यांचे नाते वेगळे सांगावयास नको.

आणि पाणी? सन १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी जयपूरचे महाराज सवाई माधोसिंग विलायतेस निघाले. परमुलुखातले पाणी प्यावयाचे नाही, म्हणून 'ऑलिंपिया' नावाच्या जहाजावर त्यांनी गंगाजलाने भरलेले चांदीचे प्रचंड रांजण चढविले. एकेका रांजणाचे वजन साडेतीनशे किलोंच्या घरात, उंची जवळजवळ माणसाएवढी, आणि पाणी मावते सुमारे चार हजार लिटर. त्यांतले दोन रांजण जयपूरच्या राजवाड्यात मांडून ठेवले आहेत. पाहुणे त्यांच्या शेजारी उभे राहून छायाचित्रे काढून घेतात. ते जहाजावर चढविणाऱ्या हमालांपैकी कोणाचे नाव तेथे लिहिलेले नाही.