पाटीवरचे पहिले नाव

नागपूरच्या एका वस्तीत तीन सेवाभावी संस्थांनी मिळून दवाखाना काढला. पाटीसाठी महिनाभर बैठका चालल्या. कोणाचे नाव आधी, कोणाचे बोधचिन्ह केवढे? त्या बैठकांना मीही होतो. शेवटी तिन्ही नावे सारख्या आकारात बसली आणि 'दवाखाना' हा शब्द तळाशी, बारीक अक्षरांत गेला. पाटी लागली त्याच आठवड्यात तिच्याखाली उभ्या असलेल्या एका आजींनी मला विचारले, "भाऊ, दवाखाना कुठी आहे जी?" त्यांना ते कुठले तरी कार्यालय वाटले होते.

तेव्हापासून मी जुने दानलेख वेगळ्या नजरेने पाहू लागलो. अनेकांनी मिळून एक वास्तू उभारायची, ही रीत आपल्याकडे दोन हजार वर्षांची आहे. वैनगंगेकाठच्या पवनीला १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीवर स्तूप उजेडात आला. त्याच्या दगडी कठड्याच्या भागांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे आहेत. ज्याने जे दिले, त्यावरच त्याचे नाव.

कार्ल्याच्या चैत्यगृहात ही रीत आणखी स्पष्ट दिसते. तिथे खांबाखांबावर दाते वेगळे. बरेच जण धेनुकाकट गावचे आहेत, काही स्वतःला 'यवन' म्हणवतात. बाहेरचा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचे दान आहे. दर्शनी दार घडवणाऱ्या सामी नावाच्या सुताराचीही नोंद आहे. व्हरांड्यात मात्र वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल सांगतो, की जंबुद्वीपात उत्तम असे हे शैलगृह आपण पूर्ण करवले. श्रेयाची ओढ तेव्हाही होतीच. तरी त्याच्या लेखाबरोबर खांबांवरची नावेही टिकून आहेत. आणि आत येणाऱ्याला यांतले एकही नाव वाचावे लागत नाही. हे काय आहे, ते दर्शनी कमानच सांगते.

चिन्हाचा आणि श्रेयाचा हाच गुंता आधुनिक काळात रेडक्रॉसपुढे आला. १८६४ च्या जिनिव्हा करारातला लाल क्रॉस रणांगणावर दुरून ओळखू यावा म्हणून होता. १८७६ मध्ये ऑटोमन साम्राज्याने त्याऐवजी लाल चंद्रकोर वापरली. तिला १९२९ मध्ये करारात मान्यता मिळाली. २००५ मध्ये तिसरे चिन्ह ठरले, लाल स्फटिक. ओळख पटवण्यापुरती त्या चौकटीत राष्ट्रीय संस्थांना आपापली खूण ठेवता येते. चौकट सर्वांची, खूण ज्याची त्याची.

सामायिक पाटीला दोन कामे असतात. येणाऱ्याला वाट दाखवायची आणि देणाऱ्याची आठवण ठेवायची. ती एकाच फळीवर कोंबली, की ज्याचा बैठकीत आवाज नाही त्याचे काम मागे पडते. आमच्या बैठकीत आजी नव्हत्या.

आता पाटीवर वर ठळक 'दवाखाना' आहे, खाली वेळ. नावे आत गेली. बाकांवर एका संस्थेचे, औषधांच्या कपाटावर दुसरीचे, वजनकाट्यावर तिसरीचे. एका संस्थेला हे अजून पटलेले नाही. तिच्या वार्षिक अहवालात जुन्याच पाटीचे छायाचित्र आहे.