सात वर्षांची मुदत

आपल्याकडील १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा. आईच्या वाट्याला वर्षे मोजून देण्याची ही रीत इंग्लंडच्या कायद्यात आली ती १८३९ साली. तेथे आकडा सातचा होता.

त्यापूर्वी इंग्लंडात असा प्रश्नच फारसा उद्भवत नसे. औरस अपत्य बापाचे. १८०४ च्या डी मॅनव्हिल खटल्यात आठ महिन्यांचे, अंगावर पिणारे मूल बापाने आईकडून हिसकावून नेले होते; न्यायालयाने बापाचाच हक्क मान्य केला.

ही चौकट हलविली ती कॅरोलिन नॉर्टन या लेखिकेने. नाटककार शेरिडनची ही नात. पती जॉर्ज नॉर्टन मारकुटा होता. १८३६ मध्ये त्याने तिन्ही मुलगे तिच्यापासून दूर धाडले आणि पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांच्यावर पत्नीशी व्यभिचार केल्याचा दावा ठोकला. ज्युरींनी जागेवरून न उठताच तो फेटाळला. पण ज्या खटल्यात कॅरोलिनची अब्रू पणाला लागली होती, त्यात ती पक्षकारही नव्हती नि साक्षीदारही. मुले बापाकडेच राहिली.

मग तिने लेखणी उचलली. पत्रके लिहिली, एक तर पुरुषाच्या टोपणनावाने, लॉर्ड चॅन्सेलरांना उद्देशून. टॅलफर्ड या खासदाराने विधेयक मांडले, १८३८ मध्ये लॉर्ड्सनी ते नाकारले, पुढल्या वर्षी ते संमत झाले. (स्त्रीपुरुष समतेचा दावा मात्र तिने कधी केला नाही, उलट तो झिडकारला. तिला आपले नायिकापद बहाल करणाऱ्यांची इथे थोडी अडचण होते.)

कायद्याने दिले काय? आईला चॅन्सरी न्यायालयात अर्ज करण्याची मुभा. सात वर्षांखालील मुलाचा ताबा मिळू शके, मोठ्यांची केवळ भेट. तेही न्यायाधीशाच्या मर्जीवर, आणि व्यभिचार सिद्ध झालेल्या स्त्रीस तेवढेही नाही. कायदा झाला तेव्हा कॅरोलिनच्या थोरल्या दोघांनी सातवे वर्ष ओलांडले होते. शिवाय नॉर्टनने मुले स्कॉटलंडला नेऊन ठेवली होती. हा कायदा तेथे लागूच नव्हता. १८४२ मध्ये धाकटा विल्यम तट्टावरून पडून दगावला. आई पोहोचली ती उशिरा. त्यानंतर कुठे बापाने उरलेल्या दोघांना तिच्याकडे राहू देण्यास संमती दिली. म्हणजे तिला जे मिळाले, ते तिने घडविलेल्या कायद्याने दिलेले नव्हते.

मला या तरतुदीत दया दिसते, हक्क दिसत नाही. न्हाऊमाखू घालण्याची, उशापायथ्याशी जागण्याची वर्षे आईची. त्यापुढे बापाचा अधिकार. आपल्या १९५६ च्या कायद्यातही ताबा आणि पालकत्व अशीच वेगळी राहिली : नैसर्गिक पालक पिता, ‘आणि त्याच्यानंतर’ माता. त्या ‘नंतर’ला न्यायालयात आव्हान दिले तेही एका लेखिकेनेच. गीता हरिहरन यांचा संसार मोडला नव्हता. मुलाच्या नावे रोखे घेताना पालक म्हणून केलेली त्यांची सही रिझर्व्ह बँकेने मानली नव्हती, एवढेच. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम रद्द केले नाही; ‘नंतर’चा अर्थ ‘अनुपस्थितीत’ असा लावला, आणि हयात पिता मुलाकडे लक्ष देत नसला तरी ती अनुपस्थितीच मानली.