शरीराचा धडा : १८३५ ते आज

काही वर्षांपूर्वी उत्तर भारतातील एका जिल्ह्यात शाळा-तपासणीसाठी गेलो असता आठवीच्या वर्गात विज्ञानाचा तास चालू होता. भिंतीवर पचनसंस्थेचा रंगीत तक्ता टांगलेला होता. एका मुलीला मी विचारले, जठर कुठे असते? तिने तक्त्यावर अचूक बोट ठेवले. मग म्हटले, आता तुझ्या स्वतःच्या अंगावर दाखव. ती गोंधळली आणि तिने हात बेंबीच्याही खाली नेला. नंतर तिचे पुस्तक चाळले. प्रत्येक धड्यात पेन्सिलीच्या खुणा होत्या. किशोरावस्थेच्या धड्यात मात्र एकही नव्हती. शिक्षक हलक्या आवाजात म्हणाले, "साहेब, तो धडा मुलं घरीच वाचतात."

हा धडा वगळा असा आदेश त्या शिक्षकांना कोणीही दिलेला नव्हता. मग तो वगळला का गेला? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो तेव्हा मला सुमारे दोनशे वर्षे मागे जावे लागले.

ईस्ट इंडिया कंपनीला फौजेच्या व मुलकी दवाखान्यांसाठी देशी वैद्यकीय साहाय्यक हवे होते. त्यासाठी १८२२ साली कलकत्त्यात नेटिव्ह मेडिकल इन्स्टिट्यूशन ही संस्था सुरू झाली. तेथील शिक्षण देशी भाषेतून चाले. प्रश्न होता तो शब्दांचा. संस्थेचे प्रमुख पीटर ब्रेटन यांनी १८२५ मध्ये शरीराच्या अवयवांची व वैद्यकीय संज्ञांची नावे इंग्रजी, अरबी, फारसी, हिंदी व संस्कृत अशा पाच भाषांत देणारा कोश प्रसिद्ध केला. त्याआधीच फेलिक्स केरी यांनी श्रीरामपूरहून शरीररचनेवरील बंगाली ग्रंथ छापण्यास प्रारंभ केला होता. मुंबईतही १८२६ मध्ये डॉ. मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली अशीच एक शाळा निघाली व तिच्यासाठी वैद्यकीय पुस्तके मराठीत आणण्याचे काम सुरू झाले. ती शाळा १८३२ मध्ये बंद पडली. कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजातील वैद्य मधुसूदन गुप्त यांनी हूपर यांच्या शरीररचनेवरील इंग्रजी पुस्तकाचा संस्कृत अनुवाद केला. थोडक्यात, मानवी शरीराचे आधुनिक ज्ञान भारतीय भाषांत येऊ लागले होते.

या व्यवस्थेत एक मोठी उणीव होती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मानवी शवाचे विच्छेदन तेथे होत नसे. पशूंच्या शरीरावरून अनुमान काढावे लागे. लॉर्ड बेंटिंक यांनी १८३३ मध्ये नेमलेल्या समितीने ही उणीव दाखवून दिली. २८ जानेवारी १८३५ च्या आदेशाने जुनी संस्था व संस्कृत कॉलेज आणि मदरशातील वैद्यकीय वर्ग बंद झाले आणि नव्या मेडिकल कॉलेजची स्थापना झाली. माध्यम ठरले इंग्रजी. मेकॉले यांचे प्रसिद्ध टिपण २ फेब्रुवारीचे, म्हणजे या आदेशानंतर पाच दिवसांनी लिहिलेले. नव्या कॉलेजात १४ ते २० वर्षे वयाची मुले कोणताही जातिधर्मभेद न करता घ्यावयाची होती. वाचकांच्या लक्षात येईल की यातील निदान धाकटी मुले आजच्या हिशेबाने शाळकरी वयाचीच होती.

१८३६ मध्ये त्याच कॉलेजात मधुसूदन गुप्त व त्यांच्या विद्यार्थ्यांनी शवविच्छेदन केले. ही घटना आपल्या इतिहासात योग्य गौरवाने नोंदली गेली आहे. परंतु समितीने दाखवलेली उणीव विच्छेदनाची होती. तिच्यावरील उपाय करताना देशी भाषांचे माध्यमही काढून टाकले गेले. ज्या गृहस्थाने शरीररचनेचा ग्रंथ संस्कृतात आणला, त्याच्याच हाती विच्छेदनाची सुरी होती. म्हणजे भाषा व विच्छेदन यांत विरोध नव्हता. सरकारलाही हे लवकरच उमगले असावे, कारण १८३९ मध्ये त्याच कॉलेजात हिंदुस्थानी वर्ग आणि १८५२ मध्ये बंगाली वर्ग उघडावा लागला. पण हे वर्ग दुय्यम कर्मचाऱ्यांसाठी होते. प्रतिष्ठेचे ज्ञान इंग्रजीत आणि कामापुरते ज्ञान देशी भाषेत, ही वाटणी तेव्हापासून पक्की झाली.

याचा परिणाम शाळेवर कसा झाला? शरीररचनाशास्त्र हा डॉक्टरांचा विषय ठरला. शाळांत तो पुढे बहुधा आरोग्यशास्त्राच्या जोडीने, ऐच्छिक विषय म्हणून आला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान सर्वांना अनिवार्य असावे अशी शिफारस केली, तेव्हा हृदय, फुप्फुसे व मूत्रपिंड प्रत्येक मुलाच्या पुस्तकात येण्याचा मार्ग मोकळा झाला. पण शब्दांचे काय? पाठ्यपुस्तकांनी घडीव संस्कृत संज्ञा स्वीकारल्या, ज्या घरात कोणी उच्चारत नाही. जननेंद्रियांसाठी बोलीत जे शब्द होते ते शिव्यांत जमा झालेले. मग वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाने बोलायचे तरी कोणत्या शब्दांत? त्याचे मौन हे केवळ संकोचाचे नाही, ते शब्दांच्या अभावाचेही आहे.

दुसरा मोठा शासकीय प्रसंग आपल्या डोळ्यांसमोरचा. केंद्र सरकारने २००५ मध्ये किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम राज्यांकडे पाठवला. एड्सचा धोका हे त्यामागील प्रमुख कारण होते. २००७ मध्ये मध्य प्रदेश, महाराष्ट्र, कर्नाटक यांसह अनेक राज्यांनी तो थांबवला. मुख्य आक्षेप शिक्षकांसाठीच्या साहित्यातील चित्रांवर व मजकुरावर होता. काही आक्षेप विचारात घेण्यासारखेही असतील. चित्रे बदलता आली असती, मजकूर सुधारता आला असता. पण सुधारण्याऐवजी कार्यक्रमच बंद झाला. २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने अशी प्रकरणे जीवशास्त्राच्या पुस्तकात, आणि तीही दहावीनंतरच, घालावीत अशी शिफारस केली.

दहावीनंतर जीवशास्त्र कोण शिकते? जे शिक्षणात टिकतात व विज्ञान शाखा निवडतात, तेवढेच. आठवीत शाळा सोडणाऱ्या मुलीला ते ज्ञान कधीच मिळणार नाही. माझ्या मते १८३५ आणि २००७ या दोन निर्णयांतील साम्य येथे आहे. दोन्ही वेळी उणीव खरी होती आणि दोन्ही वेळी उपायाने ज्ञान थोड्यांपुरते राहिले. पुढे ढकलणे म्हणजे बहुसंख्यांना नाकारणे, हे फायलीवर टिपणी लिहिताना दिसत नाही.

सुदैवाने अभ्यासक्रमाने वाट पूर्णपणे सोडलेली नाही. एनसीईआरटीच्या २००८ च्या आठवीच्या विज्ञान पुस्तकात किशोरावस्थेचा स्वतंत्र धडा होता, आणि २०२५ च्या नव्या पुस्तकात तो विषय सातवीतच आला आहे. धडा आता आहे. प्रश्न आहे तो शिकवला जाण्याचा. आणि तो प्रश्न धोरणाचा कमी व प्रशासनाचा अधिक आहे.

त्या शाळेत पुढे एवढेच केले. उपकेंद्राच्या नर्सताई आणि शाळेतील एक शिक्षिका यांना एकत्र बसवले. पहिल्या दिवशी मुलींनी आपली नाडी मोजली, धावून येऊन पुन्हा मोजली आणि जठर कुठे, गर्भाशय कुठे हे स्वतःच्या शरीरावर हात ठेवून शिकल्या. पुस्तकी संज्ञा आणि गावात चालणारा सभ्य शब्द, दोन्ही फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले. तिसऱ्या बैठकीपर्यंत प्रश्न चिठ्ठीवर न येता तोंडी येऊ लागले. यासाठी कोणताही शासननिर्णय काढावा लागला नाही.

पण एका शाळेने जिल्हा बदलत नाही. ज्या धड्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही तो शिकवला जात नाही, हे प्रत्येक शिक्षणाधिकारी जाणतो. म्हणून त्या धड्यावर प्रश्न असावा, आणि तपासणीच्या नमुन्यात "हा धडा वर्गात शिकवला काय?" असा एक रकाना असावा. मी माझ्या कार्यकाळात तो रकाना घातला होता. बदलीनंतर तो टिकला की नाही, हे विचारायचे मात्र राहून गेले.