वय नसलेली भूमिका : मीट लोफच्या उत्तरकारकीर्दीचा एक विचार

रॉक संगीताच्या समीक्षेत ‘नाटकी’ हे विशेषण बहुधा दूषण म्हणूनच येते. गाणारा ‘मी’ आणि गीतातला ‘मी’ एकच असावा, ही त्या समीक्षेची मूलभूत अपेक्षा आहे, आणि आपल्याकडील भावकवितेच्या रोमँटिक समीक्षेला ती मुळीच अपरिचित नाही. ज्या गायकांनी ती उघडपणे झुगारून दिली, त्यांत मार्विन ली अडे ऊर्फ मीट लोफ (१९४७–२०२२) याचे स्थान वेगळे आहे. त्याने स्वतःविषयी गाणे असे फारसे गायिलेच नाही. तो भूमिका करीत होता, आणि आपण नट आहोत असे म्हणण्यात त्याला कमीपणा वाटत नसे. त्याच्या उत्तरकाळाविषयी मात्र सर्वत्र एकच निदान आढळते : आवाज गेला. हे निदान खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. या ऱ्हासाचे मूळ जितके कंठात होते तितकेच संहितेत होते, हे येथे मांडावयाचे आहे.

मीट लोफ रंगभूमीवरून रॉककडे आला. ‘हेअर’ या संगीतिकेत त्याने काम केले होते. लॉस एंजेलिस येथे ‘द रॉकी हॉरर शो’मध्ये आणि नंतर १९७५ च्या चित्रपटात तो एडी झाला. १९७३ साली न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरमध्ये ‘मोअर दॅन यू डिझर्व्ह’ या संगीतिकेच्या निमित्ताने त्याची जिम स्टाइनमन या गीतकार-संगीतकाराशी गाठ पडली. स्टाइनमनच्या डोक्यात तेव्हा ‘पीटर पॅन’वर आधारलेले एक नाटक घोळत होते. ‘नेव्हरलँड’ या नावाने त्याचा कच्चा प्रयोग १९७७ मध्ये वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘बॅट आउट ऑफ हेल’ ही सात गाण्यांची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली, आणि तिच्यातली काही गाणी याच नाटकातून आलेली होती. अनेक कंपन्यांनी नाकारलेल्या या ध्वनिमुद्रिकेच्या पुढे चार कोटींहून अधिक प्रती खपल्याचे सांगितले जाते.

‘पीटर पॅन’ हे मूळ लक्षात ठेवले पाहिजे. न वाढणाऱ्या मुलाची ती कथा. स्टाइनमनच्या गीतांतला नायक सतरा-अठरा वर्षांचा आहे. त्याच्यापुढे मोटारसायकल, रात्र, पहिले शरीरसुख आणि मृत्यू एवढेच आहे. मधले आयुष्य नाही. ‘पॅरडाइज बाय द डॅशबोर्ड लाइट’मध्ये ते क्षणभर डोकावते, तेही शिक्षा म्हणून. ही भूमिका गाताना मीट लोफ तिशीत पोचला होता आणि त्याचे अवाढव्य शरीर कोणत्याही अर्थाने किशोराचे नव्हते. हा विसंवाद हीच त्या प्रयोगाची शक्ती होती. निर्माता टॉड रंडग्रेन याला तर हा सारा प्रकार ब्रूस स्प्रिंगस्टीनचे विडंबन वाटला होता, आणि म्हणूनच त्याने तो आनंदाने स्वीकारला. श्रोत्यांनी मात्र तो विडंबन म्हणून ऐकला नाही. एक बेढब माणूस घामाने निथळत, हातात लाल रुमाल घेऊन, आपल्या शरीराला न शोभणारे तारुण्य आवाजाच्या बळावर खेचून आणतो आहे, या दृश्याने ते भारावले.

येथेच पुढच्या संकटाचे बीज आहे. शारीरिक सीमेवर उभे असणे हा त्या भूमिकेचा संकेतच होता, त्यामुळे खरा थकवा आणि अभिनीत थकवा यांत भेद करणे प्रेक्षकाला अवघड झाले. १९७८ च्या दौऱ्यात तो ओटावा येथे रंगमंचावरून पडून पाय मोडून बसला आणि पुढे चाकांच्या खुर्चीतून गायिला. त्याच सुमारास त्याचा आवाज पार बसला. पुढच्या ध्वनिमुद्रिकेसाठी तयार असलेली गाणी १९८१ साली स्टाइनमनने ‘बॅड फॉर गुड’मध्ये बव्हंशी स्वतःच गाऊन टाकली. ती ऐकताना नाटककाराला नटाची गरज का असते, याचा प्रत्यय येतो. १९८३ च्या ‘मिडनाइट अॅट द लॉस्ट अँड फाउंड’मध्ये स्टाइनमनचे एकही गीत नाही. स्टाइनमनची गीते त्याच वर्षी बॉनी टायलर आणि एअर सप्लाय यांच्या आवाजांत जगभर गाजत होती, तर मीट लोफ दिवाळखोरीत निघाला होता. ऐंशीच्या दशकातल्या त्याच्या इतर ध्वनिमुद्रिकांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. संहितेवाचून राहिलेल्या नटाचे ते दिवस होते.

१९९३ चे ‘बॅट आउट ऑफ हेल २’ हे पुनरागमन नेहमी चमत्कार म्हणून सांगितले जाते. माझ्या मते तो चमत्कार नसून भूमिकेतला बदल होता. ‘आय वुड डू एनिथिंग फॉर लव्ह’ हे गीत २८ देशांत अग्रस्थानी पोचले आणि त्याला ग्रॅमी मिळाले. मायकेल बे याने दिग्दर्शित केलेल्या त्याच्या चित्रफितीत मीट लोफ मोटारसायकलवर येतो खरा. परंतु तो आता किशोर नाही. तो ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मधला, शापित वाड्यात वाट पाहणारा पशू आहे. पशूला वय नसते. शेहेचाळिशीतल्या गायकाला हा मुखवटा चपखल बसला. याच ध्वनिमुद्रिकेत मोटारीच्या आरशातून मागे पाहणाऱ्या प्रौढाचे एक दीर्घ गीतही आहे. म्हणजे प्रौढपण लिहिणे स्टाइनमनला अशक्य नव्हते. पण मैफलींत मागणी राहिली ती १९७७ च्याच गाण्यांची.

मराठी वाचकाला येथे बालगंधर्वांची आठवण होणे स्वाभाविक आहे. शरीर एक आणि भूमिका दुसरी, हा विसंवाद तेथेही होता, कर्जही होते, पन्नाशी उलटल्यावरही स्त्रीभूमिकेचा मोह सुटला नव्हता. १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथांच्या रूपाने वयाला साजेशी भूमिका चालून आली, तरी प्रेक्षकांच्या मनातली मूर्ती बदलली नाही. साम्य मात्र येथे संपते. नाट्यपद हे रागाच्या आधाराने प्रयोगागणिक नव्याने उभे राहते. पट्टी उतरवता येते, तानेऐवजी ठेहराव घेता येतो, आणि रसिक त्याला वयाची परिपक्वता म्हणून दाद देतो. शिवाय बालगंधर्वांच्या तबकड्या सुमारे तीन मिनिटांच्या. खरे गाणे नाट्यगृहात, तबकडी ही त्याची खूण, हे श्रोता जाणून होता. रॉकमध्ये हा क्रम उलटा आहे. जवळपास दहा मिनिटांचे ‘बॅट आउट ऑफ हेल’ हे ध्वनिमुद्रणातच प्रमाणसंहिता होऊन बसले आणि प्रत्येक प्रत्यक्ष प्रयोग त्याच्या कसाला लागू लागला. तिशीतल्या आवाजाच्या वरच्या टोकाला लिहिलेली ती स्वरवाक्ये साठीतल्या गायकाला एका सुरानेही खाली आणण्याची मुभा नव्हती. आणली, तर ती ‘घसरण’ म्हणूनच नोंदली गेली.

या दृष्टीने शेवटच्या वीस वर्षांतल्या घटना पाहाव्यात. नोव्हेंबर २००३ मध्ये तो लंडनच्या वेम्ब्ली अरेनात कोसळला. हृदयगतीचा विकार निघून शस्त्रक्रिया झाली. ३१ ऑक्टोबर २००७ रोजी न्यूकॅसल येथे त्याने कार्यक्रमाच्या मध्येच श्रोत्यांचा निरोप घेतला, आणि हा निरोप खरा की प्रयोगाचा भाग, हे अनेकांना तत्काळ उमगले नाही. पुढल्याच वर्षी तो पुन्हा गात होता. जुलै २०११ मध्ये पिट्सबर्ग येथे दम्याच्या झटक्याने तो रंगमंचावर पडला. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला मेलबर्न क्रिकेट मैदानावर ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या अंतिम सामन्यापूर्वी त्याने सुमारे बारा मिनिटे गायन केले आणि ते त्या सोहळ्याच्या इतिहासातील सर्वांत वाईट सादरीकरण म्हणून हसण्यावारी नेले गेले. स्वरतंतूंत रक्तस्राव झाल्याचे त्याने नंतर सांगितले. जून २०१६ मध्ये एडमंटन येथे तो पुन्हा कोसळला. चित्रपटाने त्याला अधिक समजूतदारपणे वागवले, हे जाता जाता नोंदवले पाहिजे : ‘फाइट क्लब’मधला (१९९९) बॉब हा हरलेल्या, मायाळू, मोठ्या देहाचा माणूस होता, आणि त्या देहाकडून कोणीही तारुण्याची अपेक्षा केली नाही. पण नाटकातला नट रोमिओकडून लिअरकडे जातो, तशी वाट रॉकच्या रंगमंचावर त्याला कोणी आखून दिली नाही.

नट आणि नाटककार यांच्यातला वाद न्यायालयातही गेला. ‘बॅट आउट ऑफ हेल’ हे शब्द स्टाइनमनने १९९५ मध्ये आपल्या नावे व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले होते. २००६ साली मीट लोफने त्यावर दावा लावला. तडजोड झाली आणि त्याच वर्षी तिसरा भाग निघाला. त्यात स्टाइनमनची निम्मीच गाणी होती आणि निर्मिती डेस्मंड चाइल्डची होती. वरवर पाहता हा मालमत्तेचा वाद. मला मात्र तो नाट्यशास्त्रातला एक जुना प्रश्न वाटतो : भूमिका कोणाची, लिहिणाऱ्याची की वठवणाऱ्याची?

२०१६ च्या ‘ब्रेव्हर दॅन वी आर’ या अखेरच्या ध्वनिमुद्रिकेत सारी गीते पुन्हा स्टाइनमनची आहेत. आरंभीचे ‘हू नीड्स द यंग’ त्याने अगदी तरुण वयात लिहिले होते. म्हातारपणाचे ते एका तरुणाने कल्पिलेले चित्र. भेगाळलेल्या, श्वास अपुरा पडणाऱ्या आवाजात ते ऐकताना समीक्षकांनी आवाजाची दुरवस्था तेवढी नोंदवली. पण येथे प्रथमच गायकाचे वय आणि भूमिकेचे वय जुळले होते. हे गीत त्याच्या कारकीर्दीतले सर्वोत्तम नव्हे. मात्र त्यात तो जे करतो आहे ते त्याला पूर्वी करता आले नसते.

फेब्रुवारी २०१७ मध्ये मँचेस्टरच्या ऑपेरा हाउसमध्ये ‘बॅट आउट ऑफ हेल’ अखेर संगीतिका म्हणून रंगमंचावर आले. चाळीस वर्षे रखडलेले ‘नेव्हरलँड’च वेगळ्या नावाने. त्यातल्या नायकाचे, स्ट्रॅटचे, वय कायमचे अठरा आहे. ते वाढतच नाही. नाटक त्या जूनमध्ये लंडनला गेले. मीट लोफने आदल्या वर्षीच्या प्रसिद्धी-समारंभाला येऊन नाटकाची वाखाणणी केली होती; भूमिका अर्थातच तरुण नटांना गेल्या, आणि नट बदलले तरी प्रयोग चालू राहिले. स्टाइनमन १९ एप्रिल २०२१ रोजी वारला, मीट लोफ २० जानेवारी २०२२ रोजी.