गुत्ता आणि ताव्हेर्न

मद्य विकावयाच्या जागेला मराठीत जी नावे आहेत, त्यांत 'गुत्ता' हे सर्वांत प्रचलित आणि सर्वांत बदनाम. मुळात या शब्दाचा दारूशी काहीही संबंध नाही. कानडीत 'गुत्तिगे' म्हणजे ठराविक रकमेस घेतलेला मक्ता. मराठीतही गुत्ता म्हणजे मक्ताच, आणि तो घेणारा गुत्तेदार. सरकारने दारू विकण्याचा हक्क लिलावात काढावा, मोठी बोली करणाऱ्याने तो घ्यावा, आणि दिलेली रक्कम व्याजासकट पिणाऱ्याच्या खिशातून वसूल करावी, असा हा व्यवहार. इंग्रजांनी आपल्या देशातील पेयगृहाला 'पब्लिक हाउस', म्हणजे लोकांचे घर, म्हटले. पोर्तुगीजांनी 'ताव्हेर्ना' म्हटले. तो शब्द लॅटिनमधील दुकानवाचक 'ताबेर्ना'वरून आला. आपल्याकडे मात्र त्या जागेला ना घराचे नाव मिळाले, ना दुकानाचे. मिळाले ते तिजोरीचे.

हे पूर्वापार असेच होते असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे प्रकरण आहे. पानागार कसे असावे हे त्यात सांगितले आहे. अनेक खोल्या, वेगवेगळ्या बैठकी व शय्या, सुगंध, फुलांच्या माळा आणि पाणी. शिवाय प्रत्येक ऋतूत तेथे सुख वाटावे अशी रचना. अर्थात तेथे कोण किती खर्च करतो हे पाहावयास गुप्तहेरही बसवावेत, असे सांगावयास कौटिल्य विसरत नाही! राज्याला महसूल हवाच होता. परंतु येणाऱ्या माणसाला बसावयास जागा द्यावी, हेही राज्याला कळत होते.

इंग्लंडात 1552 साली पेयगृहांविषयी कायदा झाला. त्यान्वये बिअरची एक जात जी 'एल', ती विकण्याचा परवाना गावच्या न्यायाधीशांकडून घ्यावा लागे आणि घर सुव्यवस्थित चालविण्याबद्दल जामीन द्यावा लागे. म्हणजे तेथे प्रश्न पैशाइतकाच मालकाच्या वर्तनाचा होता. थेम्स नदीच्या काठी वॅपिंग येथे 'प्रॉस्पेक्ट ऑफ व्हिट्बी' नावाचे पेयगृह आहे. ते आपला आरंभ 1520 च्या सुमाराचा सांगते. नदीकडे उघडणारा सज्जा, तळघरात मुरत ठेवलेली पिंपे, आणि दांडा ओढून पेल्यात काढावयाची एल, हे अशा घरांचे वैशिष्ट्य. कारखान्यातील वायू भरलेली बिअर हे सारे बुडवील, अशी धास्ती वाटून 1971 साली काही मंडळींनी पिंपातील खऱ्या एलसाठी चळवळच उभारली, आणि ती बऱ्याच अंशी यशस्वी झाली.

त्याच इंग्रजांनी मुंबई इलाख्यात काय केले? 1878 चा मुंबई अबकारी कायदा आला. ताडामाडाच्या झाडावर कर बसला, दारू गाळणे सरकारी देखरेखीखाली मोजक्या भट्ट्यांत गेले, आणि विक्रीचे मक्ते लिलावाने दिले जाऊ लागले. मालक सज्जन आहे की नाही, हे लिलावात कोण पाहतो? ज्याने बोली जिंकली त्याला माणूस बसवून ठेवणे परवडत नाही. त्याने उभ्या उभ्या प्यावे, पैसे टाकावेत आणि दुसऱ्यास जागा द्यावी. गुत्त्याला बाक नसण्याचे कारण पिणाऱ्याच्या स्वभावात नसून मक्तेदाराच्या हिशेबात आहे.

आता घाटाकडे वळावयास हवे. खानापूर तालुक्यातील नंदगड हे बेळगावच्या दक्षिणेस सुमारे 36 किलोमीटरवरचे गाव. संगोळ्ळी रायण्णाला 1831 च्या जानेवारीत येथे फाशी दिले गेले, म्हणून ते सर्वांस ठाऊक असते. पण एकोणिसाव्या शतकात ते बेळगाव जिल्ह्यातील मोठ्या पेठांपैकी एक होते, हे सहसा कोणी सांगत नाही. गोव्याहून सुपारी, नारळ, खोबरेल तेल, खजूर आणि मीठ या पेठेत येई, आणि घाटमाथ्याचे धान्य खाली जाई. माल बैलांच्या पाठीवरून जाई, वाट रानातली. पाण्याची वाटही तीच आहे. खानापूर तालुक्यातच मलप्रभा उगम पावून पूर्वेस जाते, आणि म्हादई उगम पावून पश्चिमेस गोव्यात उतरते. खाली तिचीच मांडवी होते.

त्या मांडवीच्या काठी, होडीच्या धक्क्यांजवळ आणि चर्चच्या वाटेवर, गोव्याची ताव्हेर्न वाढली. बहुधा राहत्या घराचीच पुढची खोली, दोन बाक, एक फळी, वेताच्या जाळीत बसविलेला काचेचा मोठा गराफांव, आणि मीठ लावून तळलेली मासळी. माडाच्या सुरेपासून येथे दारू गाळीत, हे 1583 ते 1588 पर्यंत गोव्यात राहिलेल्या लिन्स्कोटेन या डच गृहस्थाने नोंदविले आहे. काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणले. त्याचे फळ तोडीत नाहीत. ते आपोआप गळावे लागते. मग बी काढून फळ तुडवायचे, रस मडक्यांत आंबवायचा आणि भट्टी लावायची. पहिली धार सौम्य, ती उर्राक. पुन्हा गाळली की फेणी. मार्च ते मे एवढाच तिचा हंगाम. गोव्याच्या दारूची कीर्ती इंग्रजांतही पसरली होती. सतराव्या शतकात सुरत-मुंबईचे इंग्रज तिचे 'पंच' करीत. पाच पदार्थांवरून ते नाव पडले असे फ्रायर या प्रवाशाने लिहून ठेवले आहे. म्हणजे इंग्रजी मेजवानीतील हा शब्द आपला 'पाच'च म्हणावयाचा.

घाटाखालचे मीठ आणि दारू स्वस्त, घाटावरची महाग. इंग्रज सरकारला हे खुपणे स्वाभाविक होते. 26 डिसेंबर 1878 रोजी लिस्बन येथे दोन्ही सरकारांचा तह झाला. मार्मागोव्याचे बंदर आणि रेल्वे हे त्यातील गोड बोलणे. कडू भाग असा की, गोव्याचे मीठ इंग्रजांच्या ताब्यात गेले, त्याबद्दल पोर्तुगीज सरकारास वर्षाला चार लाख रुपये मिळावयाचे ठरले, आणि गोव्यातील दारूवर शेजारच्या ब्रिटिश मुलखासारखीच आकारणी सुरू झाली. चार लाख रुपये सरकारास मिळाले. मिठागरात राबणाऱ्यास आणि माडावर चढणाऱ्या रेंदेरास काय मिळाले? त्यांच्यावर बोजा पडला. पोटासाठी मुंबई गाठणाऱ्या गोवेकरांचा ओघ या काळात वाढला. तह इतका अप्रिय झाला की 1892 च्या आरंभी तो संपला तेव्हा पुन्हा केला गेला नाही. रेल्वे मात्र राहिली. घाटातून आलेली ती वाट लोंढा आणि खानापुरावरून बेळगावकडे गेली, आणि नंदगड एका बाजूस पडले. बैलांच्या तांड्यांचे दिवस संपत आले.

पुढे 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि 1950 पासून इलाखा कोरडा झाला. बेळगाव जिल्हा त्या वेळी मुंबई राज्यात होता. म्हणजे घाटमाथ्यावर पेला हातात धरणे गुन्हा, आणि तीच नदी खाली उतरली की काठावर फेणीबरोबर परदेशी व्हिस्कीही उघडपणे मिळे. चोरटा व्यापार फोफावला यात नवल नाही. 1955 साली भारताने नाकेबंदी कडक केली व रेल्वे थांबली. 1956 मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, आणि 1967 मध्ये म्हैसूर राज्याने दारूबंदी उठविली. बंदी उठली ती मक्त्याच्या जुन्या मार्गानेच. 'सारायी' नावाच्या स्वस्त दारूचे लिलाव पुन्हा सुरू झाले आणि गुत्तेदार पुन्हा श्रीमंत झाले. 1 जुलै 2007 पासून कर्नाटकात सारायी बंद झाली. मजूर शिक्काबंद बाटलीकडे वळला. आठवड्याची मजुरी घरी पोहोचेपर्यंत किती उरते, याचा हिशेब करणारी त्याची बायको सारायीच्या दिवसांतही दारातच उभी होती, आजही आहे. ताव्हेर्नने कोणाचे घर बुडविले नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. पण ताव्हेर्नचा मालक शेजारचा असे. गिऱ्हाइकाची बायको, मुले, कर्ज त्याला ठाऊक असे, आणि रविवारी चर्चमध्ये तिच्यासमोर त्याला बसावे लागे. लिलाव जिंकून आलेल्या गुत्तेदाराला अशी कोणतीच नजर चुकवावी लागत नसे.

2009 मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. 2016 मध्ये गोवा सरकारने तिला 'देशी दारू'च्या वर्गातून काढून वारशाचे पेय ठरविले. त्याच गोव्यात आता बार्लीची व्हिस्कीही होते, आणि 2012 पासून ती लंडनलाही विकावयास जाते. पणजीपाशी मांडवीच्या पात्रात जुगाराच्या नौका दिवे लावून उभ्या असतात. त्यांच्यासमोरून बेतीची फेरीबोट ये-जा करते. जुन्या ताव्हेर्न कमी होत चालल्या आहेत. मुलगा आखातात किंवा बोटीवर गेला की पुढच्या खोलीचे दार बंद होते, आणि गराफांव शोभेसाठी शहरातील एखाद्या हॉटेलात जाऊन बसतो.