निर्लेखन (शालेय इमारती)
निर्लेखन म्हणजे धोकादायक ठरलेली शाळाखोली अधिकृतपणे वापरातून काढून पाडण्यास मोकळी करण्याची प्रक्रिया. महाराष्ट्रातील जिल्हा परिषद शाळांच्या सुरक्षेत तिला विशेष महत्त्व आहे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या सीमेला लागून असलेल्या तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यात, निंबोडी येथे, २८ ऑगस्ट २०१७ रोजी पावसात वर्गखोलीचे छत कोसळून तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २०१६ च्या शालेय सुरक्षा मार्गदर्शक तत्त्वांत आपत्ती आराखडा व सराव यांवर भर आहे. मात्र जीर्ण छत कोसळताना बाहेर पडण्यास वेळ मिळेलच असे नाही. तेथे वेळीच केलेली तपासणी व निर्लेखन हाच खरा उपाय ठरतो. अडचण पुढची आहे: नवी खोली मंजूर होऊन बांधली जाईपर्यंत वर्ग मंदिरात, समाजमंदिरात किंवा व्हरांड्यात भरवावे लागतात.