चॉकलेटवरचं मीठ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वर्सोव्यात राहायला येऊन मला बरीच वर्षं झाली. इथले जुने लोक गावाला वर्सोवा म्हणत नाहीत, वेसावे म्हणतात. सकाळी कोळीवाड्याच्या बाजूने वारा आला की वाळत घातलेल्या बोंबलांचा वास घरात शिरतो. अशा घरात बसून मी चॉकलेटविषयी बोलणार आहे हे ऐकून आमच्या शेजारीण बाई हसल्या. पण विषय नुसता चॉकलेटचा नाही, त्यावर भुरभुरायच्या मिठाचाही आहे. आणि मिठाचं म्हणाल तर त्यावर बोलायचा हक्क वर्सोवा, जुहू, पार्ले या पट्ट्याला इतरांपेक्षा थोडा जास्तच आहे.

आधी पदार्थ सांगते, म्हणजे पुढचं बोलणं समजेल. चारशे ग्रॅम डार्क चॉकलेटची लादी घ्यायची. क्रॉफर्ड मार्केटात मिळते, हल्ली उपनगरातल्या बेकरीच्या सामानाच्या दुकानांतही मिळते. लादीचे तुकडे करून काचेच्या वाडग्यात घालायचे आणि वाडगा उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर, पाण्याला टेकणार नाही असा ठेवायचा. चॉकलेट वितळलं की त्यात मोडलेली खारी बिस्किटं, म्हणजे मोनॅकोसारखी, शंभरेक ग्रॅम आणि वाटीभर खारे शेंगदाणे, सालं काढून, घालायचे. ताटात बटर पेपर अंतरून वर हे पसरायचं, जाडसर मीठ चिमटीने वरून टाकायचं आणि ताट फ्रिजमध्ये ठेवायचं. तासाभराने हाताने तोडायचं. झालं. ना साखरेचा पाक, ना तार बघायची भानगड.

सांभाळायचं ते पाण्याला. वितळलेल्या चॉकलेटात पाण्याचे दोन थेंब पडले, ओला चमचा गेला किंवा नुसती वाफ शिरली, तरी ते घट्ट गोळा होऊन बसतं. चॉकलेट म्हणजे स्निग्धांशात तरंगणारी साखर आणि कोको. थोडंसं पाणी मिळालं की साखर ओली होऊन एकमेकीला चिकटते, आणि मग ढवळत बसण्यात अर्थ नसतो. असा गोळा टाकून मात्र देऊ नये. गरम दुधात विरघळवावा, मुलं आनंदाने पितात.

पहिल्यांदा केलं तेव्हा माझी चूक वेगळीच झाली. मीठ वरून टाकण्याऐवजी मी ते आमटीत घालतो तसं वितळलेल्या चॉकलेटात घालून ढवळलं. वाटलं, विरघळेल. ते कसलं विरघळतंय! मीठ पाण्यात विरघळतं, तुपातेलात नाही. सगळी वडी एकसारखी खारट लागली आणि दाताखाली बारीक वाळू आल्यासारखं झालं. तेव्हा कळलं की या पदार्थात मिठाचा कण शेवटपर्यंत कणच राहतो. म्हणून तो जाडसर हवा आणि वरच हवा. जिभेला आधी मीठ लागतं, मग कडवटपणा, मग गोड.

खरं तर मीठ घालून गोड वाढवायची युक्ती आपल्याला नवी नाही. पुरणपोळीच्या कणकेत मीठ असतं, मोदकाच्या उकडीत असतं. आजीला त्याचं कारण विचारलं असतं तर ती म्हणाली असती, 'चवीला.' १९९७ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या ब्रेस्लिन आणि बोशँप या संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात याचा उलगडा केला. त्यांनी कडू, गोड आणि खारट पदार्थ एकत्र करून लोकांना चाखायला दिले. मीठ गोडाला थेट वाढवतं त्यापेक्षा कडूला दाबतं, आणि कडू दबलं की त्याखाली लपलेलं गोड वर येतं. डार्क चॉकलेट कडवट असतं, म्हणूनच त्यावर मीठ शोभतं. पांढऱ्या चॉकलेटवर तितकी मजा येत नाही.

आता या ताटातली मंडळी कुठून कुठून आली ते पाहू. कोको अमेरिका खंडातला. मेक्सिकोतले अझ्टेक लोक त्याचं पेय करत आणि त्यात साखर नव्हे, मिरची घालत. साखर मिसळली युरोपियनांनी. हॉलंडमधल्या व्हान हौटनने १८२८ साली कोको दाबून त्यातलं लोणी वेगळं काढण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं, आणि १८४७ साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने खायच्या चॉकलेटची वडी काढली. तोवर चॉकलेट ही मुख्यतः प्यायची गोष्ट होती. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचाच, आपण त्याला उपासालाही चालवून घेतलं ही गोष्ट वेगळी.

वर्सोव्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता. खाडीपलीकडचा मढचा किल्ला त्यांचाच. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत तो मराठ्यांनी घेतला. पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्याला काजू दिला, मिरची दिली. ब्राझीलचा कोको मात्र त्यांनी आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपी बेटावर नेला, तोही १८२२ साली. भारतात कोकोची रोपं आणली इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने, १७९८ साली, तमिळनाडूतल्या कुर्ताळमला. ती तशीच राहिली. कोकोची खरी लागवड सुरू झाली १९६५नंतर, केरळात, तीही कॅडबरीच्या पुढाकाराने. ही कंपनी मुंबईत आली १९४८ साली. ठाण्यातल्या कारखान्यावरून तिथल्या चौकाला लोक आजही कॅडबरी जंक्शनच म्हणतात, मूळ कंपनीचं नाव २०१४ साली मोंडेलीझ झालं तरी. पुढे १९८६ साली कर्नाटकात पुत्तूरला कॅम्प्को या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने आपला चॉकलेटचा कारखाना काढला.

एक आणखी सांगायला हवं. बाजारातली स्वस्त लादी बहुतेक वेळा 'कंपाउंड' असते. तिच्यात कोकोच्या लोण्याऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते. अस्सल कोकोचं लोणी साधारण चौतीस अंशाला वितळतं, म्हणजे आपल्या मे महिन्यात ते टेबलावरच घाम गाळू लागतं. कंपाउंड तग धरतं, म्हणून घरगुती चॉकलेट करणाऱ्या बायकांना ते सोयीचं. चवीत फरक पडतो, हे मी लपवणार नाही. २०२४ साली कोकोचा जागतिक भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला, तेव्हा तर अस्सल लादी हातात घेऊन परत ठेवणाऱ्यांत मीही होते.

बिस्किटं मात्र शेजारची. मोहनलाल चौहान यांच्या कुटुंबाने १९२९ साली विलेपार्ल्यात कारखाना काढला आणि गावाचंच नाव कंपनीला दिलं. आधी गोळ्या, मग १९३९च्या सुमारास बिस्किटं. ज्यांनी लोकलने प्रवास केला आहे त्यांना पार्ले स्टेशनवर येणारा तो भाजणीचा वास सांगायला नको. २०१६ साली तो कारखाना बंद झाला.

त्या कारखान्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९३०च्या एप्रिलमध्ये, पार्ल्याचं नाव देशभर झालं ते मिठासाठी. गांधीजींनी ६ एप्रिलला दांडीला मीठ उचललं. मुंबईच्या उपनगरांसाठी सत्याग्रहाची छावणी पडली विलेपार्ल्याला. तिचे प्रमुख जमनालाल बजाज. त्यांच्याबरोबर किशोरलाल मशरूवाला होते. जुहूच्या किनाऱ्यावर, म्हणजे आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा वाळूत, समुद्राचं पाणी उकळून मीठ करायचा कार्यक्रम झाला. जमनालालजी आणि मशरूवाला दोघांनाही दोन दोन वर्षांची शिक्षा झाली. मूठभर मिठासाठी दोन वर्षं! तिकडे चौपाटीवर अवंतिकाबाई गोखले आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी चुली पेटवल्या. कमलादेवी तर मिठाच्या पुड्या विकायला शेअर बाजारात गेल्या. वडाळ्याच्या मिठागरावर १ जूनला सुमारे पंधरा हजार लोक चालून गेले. खाली शिरोड्यालाही मिठागरावर सत्याग्रह झाला. त्या काळात वि. स. खांडेकर तिथल्या शाळेत शिक्षक होते.

आज मिठाची पिशवी आपण हिशेबातही धरत नाही, म्हणून त्या रागाचा अंदाज येत नाही. मिठावरचा कर श्रीमंत आणि गरीब सारखाच भरत होते, कारण मीठ दोघांना सारखंच लागतं. १९२३ साली तर हा कर एका फटक्यात दुप्पट केला गेला. कायदेमंडळाचा विरोध असताना व्हाइसरॉयने आपल्या अधिकारात तो लादला. कोळ्यांना दुहेरी मार. बोंबील नुसत्या उन्हावर वाळतो, पण बाकीची मासळी खारवायला मीठ हवंच. समुद्र दारात, मीठ त्या समुद्रात, आणि ते काढलं तर गुन्हा. कर गेला तो १९४७ साली.

गंमत अशी की खारं चॉकलेट आणि खारं कॅरॅमल हा प्रकार ज्या फ्रान्सने जगाला दिला, तिथेही मुळाशी मिठाचा करच आहे. जुन्या फ्रान्समध्ये 'गाबेल' नावाचा जाचक मीठकर होता, तो क्रांतीच्या काळात, १७९०मध्ये रद्द झाला. समुद्रकाठच्या ब्रिटनी प्रांताला त्यातून सूट होती. तिथे मीठ स्वस्त, म्हणून तिथल्या लोकांना लोण्यात भरपूर मीठ घालायची सवय. बाकी फ्रान्स अळणी लोणी खात राहिला. त्याच ब्रिटनीतल्या किबेरों गावी आँरी ल रू या मिठाईवाल्याने १९७७ साली खाऱ्या लोण्याचं कॅरॅमल केलं. तिथून ते जगभर गेलं आणि आमच्या अंधेरीच्या कॉफीच्या दुकानांत येऊन पोचलं, भरमसाठ किमतीला.

तेव्हा मला वाटलं, आपल्या ताटात निदान मीठ तरी मुंबईचं असावं. भांडुप, कांजूर, मुलुंडला मिठागरं आहेत, होती. पण आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला २००६पासून बंदी आहे. गलगंडापासून वाचण्यासाठी ते योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र आगरातलं खडे मीठ आता दुकानात शोधून मिळत नाही. आगरी हे नावच ज्या आगरावरून पडलं, ते आगर नव्या पिढीने रेल्वेच्या खिडकीतूनही नीट पाहिलेलं नसतं. मुंबईत सुमारे ५ हजार ३०० एकर मिठागराची जमीन असल्याचं सांगतात. २०२४ साली त्यातली कांजूर, भांडुप, मुलुंडची सुमारे २५६ एकर धारावीतल्या लोकांच्या घरांसाठी द्यायचं राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं. लोकांना घरं हवीत, हे कोण नाकारील? पण २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा माझ्यासारख्या कमरेएवढ्या पाण्यातून घरी आलेल्यांना सखल मोकळ्या जमिनीची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. भरतीचं आणि पावसाचं पाणी थांबायला जागा लागते. मिठागर ही अशी जागा आहे.

तर मी पिशवीतलंच जाडसर आयोडीनयुक्त मीठ वापरते. गेल्या महिन्यात ताट तयार झालं त्याच वेळी आमच्या मासळीवाल्या मावशी दारात आल्या. त्यांना दोन तुकडे दिले. त्यांनी एक तोंडात टाकला, दुसरा पदरात बांधला नातवासाठी, आणि पाटी उचलता उचलता म्हणाल्या, "बरं झालंय गो बाय. पण मीठ कमीच पडलंय."